तांब्याचा हट्ट

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथून जाताना हातोड्यांचा नाद कानी पडला, की माझी पावले आपोआप मंदावतात. मी आयुष्यभर शाळेत मुलांना शिकविले. परंतु धातूच्या स्वभावाचा धडा मात्र मला या आळीने दिला.

तांब्याचा पत्रा ऐरणीवर धरून तांबट तो थंड असतानाच ठोकू लागतो. प्रारंभी पत्रा निमूटपणे वाकतो. पण जसजसे घाव पडतात, तसतसा तो ताठर होत जातो. आधीचा बद्द आवाज पालटतो, हातोडा उसळू लागतो. जाणता तांबट तेथेच थांबतो आणि भांडे भट्टीत घालून लालसर होईपर्यंत तापवितो. तांबे पुन्हा मऊ होते. तसे न करता तो ठोकीतच राहिला, तर भांड्याला चीर पडेल आणि सारे श्रम वाया जातील.

असे का व्हावे? धातूतील अणू ओळीने रचलेले असतात. घाव बसला की हे थर एकमेकांवरून सरकतात. या रचनेत जागोजागी दोष असतात. घावागणिक ते वाढतात, परस्परांत गुंततात आणि सरकण्याची वाट अडवितात. भट्टीच्या उष्णतेने तो गुंता सुटतो. मुलांनो, तांब्याची मऊ तार वाकवून पुन्हा सरळ करून पाहा. वाकलेली जागा सहजी सरळ होत नाही; तिच्या शेजारचा भाग मात्र वाकतो!

तांबट हा विरोध हाताने व कानाने ओळखतो. स्वीडनमधील अभियंता योहान ब्रिनेल याने १९०० साली तो अंकांत मांडण्याची रीत दाखविली. १० मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ठरावीक भाराने धातूवर दाबावयाची आणि उमटलेला खळगा मोजावयाचा. भाराला खळग्याच्या पृष्ठफळाने भागले, की कठिणतेचा अंक मिळतो. खळगा जितका लहान, तितका विरोध मोठा. मऊ तांब्याचा अंक ५० च्या आसपास, तर भरपूर ठोकलेल्या तांब्याचा १०० च्या घरात जातो.

तरीही हा ताठरपणा नुसता वैरी नव्हे. भांडे घडल्यावर तांबट त्यावर मठारकाम करतो, म्हणजे एकसारखे ठोके देतो. त्यानंतर मात्र तो भांडे भट्टीत घालीत नाही. त्या ठोक्यांनी आलेल्या ताठरपणामुळेच पाण्याने भरलेले घंगाळ आपला आकार सोडीत नाही. तांब्याचा हट्ट केव्हा मोडावा आणि केव्हा राखावा, हे ज्याला उमगले, तोच खरा कारागीर.