आढ्याला टांगलेली पिशवी

किन्हवलीवरून सरळगावकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं लागतात, मधे थोडा साग, मग पुन्हा खाचरं. दिवाळीत कापणी उरकली की या रस्त्यावर टेम्पो दिसू लागतात. मागे पत्र्याचे डबे, गोधड्या, टोपलीखाली कोंबड्या, पोरं आणि त्यांना सांभाळायला एखादी म्हातारी. कातकरवाडी वीटभट्टीवर निघालेली असते, भिवंडीकडे, कल्याणकडे. भट्टीच्या शेठची उचल पावसाळ्यातच घेऊन झालेली असते, ती आता फेडायची. मी इथल्या शाळेत शिकवते. सुट्टीनंतर हजेरी घेताना काही नावं मी हळूच वाचते. उत्तर येणार नाही हे ठाऊक असतं.

वाडीतल्या प्रत्येक घरात एक पिशवी असते. कारवीच्या कुडाच्या घरात कपाट कुठलं? खाली ठेवावं तर वाळवी आणि उंदीर, आणि जूनपासून चार महिने ओल. म्हणून ती आढ्याला टांगलेली असते, चुलीच्या बरोबर वर. कापडदुकानातून आलेली, तोंडाशी सुतळीने बांधलेली. आत रेशनकार्ड, आधार, पासबुक, बाळाचं लशीचं कार्ड, कसल्याशा अर्जाची पोच, पासपोर्ट फोटो. हे कागद हातात घेतले की आधी धूर येतो, मग अक्षरं दिसतात.

सहा वर्षांपूर्वी एक आजी अशीच पिशवी घेऊन शाळेच्या पायरीवर येऊन बसली. "बाई, यात काय कमी हाय, तूच बघ." नवरा जाऊन वर्ष झालेलं. कुणीतरी सांगितलं होतं की विधवेला महिन्याला पैसे मिळतात. खरं होतं ते. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 पासून आहे. तेव्हा महिन्याला 1000 रुपये मिळत; 2019 पर्यंत 600 होते, 2023 साली 1500 झाले. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. मी त्या रात्री भागाकार करून पाहिला. दिवसाला 57 रुपये. एवढ्यात घर चालतं असं कागदावर आलं, तर मदत.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून निघाला, तलाठ्याचा अहवाल जोडून. वयाचं कोडं होतं. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, वाडीतल्या कितीतरी जणांची तीच आहे. नोंदणी करणाऱ्याला तारीख हवी होती आणि समोरच्याकडे ती नव्हती. आजीचं वय तिच्या हिशेबाने निराळं. भातसा धरणाचं काम चाललं होतं तेव्हा ती लग्नाची होती. पण म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेला लागणारं 65 वय आधार काय म्हणतं यावर ठरतं, धरणावर नाही. म्हणून विधवा म्हणूनच अर्ज करायचा, आणि त्यासाठी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा. पिशवीत तोच नव्हता.

नवरा भट्टीवर गेला होता. रात्री ताप आला, पहाटे संपला. दुसऱ्या तालुक्यातल्या ओढ्याकाठी चौघांनी माती दिली आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा चिखल तुडवायला उतरले, कारण उचल फिटायची होती. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंदवावा लागतो, 21 दिवसांत. 1969 चा कायदा तसं सांगतो. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे वाडीत कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी चौथीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होते.

मग दोन हिवाळे गेले. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत भट्टी होती तिथून नोंद नसल्याचा कागद, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार. साक्षीदार म्हणजे वाडीतलेच दोघे, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला. प्रत्येक खेपेला किन्हवलीपर्यंत चालणं, मग एसटी, मग झेरॉक्स. आजी झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून आपला कागद यंत्रातून परत येईपर्यंत श्वास धरून बघायची. मूळ कागद हातात पडला की तो लगेच पिशवीत.

दाखला मिळाला त्या दिवशी तिने तो मला वाचायला दिला. नवऱ्याचं नाव आलं तसं तिने पदर तोंडाला लावला. त्याचं पूर्ण नाव कुणी मोठ्याने वाचलेलं तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

अशाच सरकारी कागदांत 'खावटी' असा एक शब्द आहे. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, भात तयार व्हायला वेळ असतो, त्या मधल्या दिवसांत खायला म्हणून सरकार आदिवासींना जे देत असे ते. 1978 पासून ते कर्ज होतं. 2020 साली, टाळेबंदीच्या वर्षी, त्याचं अनुदान झालं: एका कुटुंबाला 4000 रुपये, निम्मे खात्यात, निम्म्याचा किराणा. मला हा शब्द आवडतो. 'लाभार्थी' म्हटलं की समोर रांग दिसते. 'खावटी' म्हटलं की ताट दिसतं. ज्याने कुणी हा शब्द सरकारी कागदावर आणला, त्याने श्रावणातली रिकामी कणगी पाहिलेली असणार.

आजीचे पैसे सुरू झाले. तिने पहिल्यांदा काय घेतलं? चष्मा नाही, लुगडं नाही. नातवाला घेऊन ती म्हसा गावच्या यात्रेला गेली, त्याला चपला घेतल्या, स्वतः भजी खाल्ली. मला हे फार बरं वाटलं. गरिबाने मिळालेला पैसा औषधालाच लावावा असं आपण का धरून चालतो?

पण पैसे मिळणं आणि ते चालू राहणं यांत अंतर आहे. बँकेच्या माणसाकडे अंगठा उठत नाही. आयुष्यभर विटा थापून आणि लावणी करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. ती बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, यंत्र पुन्हा लाल होतं. आणि दरवर्षी हयातीची नोंद करावी लागते, आपण जिवंत आहोत म्हणून. मुदत जानेवारी ते मार्च. हेच तीन महिने ती भट्टीवर असते, मुलगा आणि सून चिखलात असतात तेव्हा नातवंडांपाशी. गेल्या साली ती मुदत चुकली. एप्रिलपासून पैसे थांबले. मे अखेरीला ती परतली, तेव्हा पासबुकात नवी ओळ नव्हती.

मी यावर खूप विचार केला आहे आणि माझी मागणी लहान आहे. भट्ट्या कुठे आहेत हे शोधायला लागत नाही. विटांच्या मातीची रॉयल्टी महसूल खातं वसूल करतं, म्हणजे भट्ट्यांची नोंद तहसीलमध्ये असते. आणि निराधारांचं अनुदानही तहसीलमधूनच चालतं. ती यादी घ्या. फेब्रुवारीतले दोन दिवस काढा. भट्टीवर जा, आणि तिथे जी माणसं जिवंत आहेत त्यांची हयातीची नोंद तिथेच करून घ्या.