वीस लिटर समुद्र

'मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे,' असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दोन रुपये दंड. त्या हिशेबाने हा लेख मला बराच महागात पडला असता! वेलांटी पहिली की दुसरी हे मी आजही नाणं उडवून ठरवते. तेव्हा चुका दिसल्या तर माझ्या, नाही दिसल्या तर मैत्रिणीचे आभार.

विषय मात्र शोधावा लागला नाही. गेले सहा महिने सबमिशन आणि टाकी याशिवाय माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

टाकी म्हणजे माशांची टाकी. पण गोल्डफिश आणि तोंड उघडमीट करणारा प्लास्टिकचा शिंपला डोळ्यासमोर आणू नका. माझी टाकी खाऱ्या पाण्याची आहे, तिला रीफ टँक म्हणतात. एका लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, तापमान 25-26 अंश, पाण्याला सतत प्रवाह आणि वर निळसर उजेड. कारण प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. थोडक्यात, समुद्राचा एक तुकडा खोलीत आणून ठेवायचा आणि आपण समुद्रातच आहोत असं त्याला रोज पटवत राहायचं. हा छंद पैसेवाल्यांचा समजला जातो, आणि समज खरा आहे.

मी या छंदात पहिल्यांदा पडले 2019 मध्ये, नववीत असताना. आमचं घर अलिबागजवळ नागावला. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, पण तिथलं पाणी गढूळ, त्यात नेमो दिसणार नाही. म्हणून बाबांच्या मागे लागून लागून तीन फुटी टाकी घ्यायला लावली. त्या वर्षी सुपारीचे पैसे बरे आले होते. त्यातले अठ्ठावीस हजार या टाकीत गेले. आकडा मला नंतर आईकडून कळला, तेव्हा विचारायचं सुचलंच नव्हतं. मुंबईच्या एका दुकानदाराने दोन क्लाऊनफिश, एक निळा टँग (त्या माशाला तीन फूट म्हणजे चाळीतली खोली) आणि 'काही होत नाही, सगळे नेतात' म्हणत दगडी प्रवाळाचा एक तुकडा दिला. भारतात 2001 पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला! हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि बाबांना तर नव्हतंच. ही कबुली छापून येतेय, काय करणार.

मग 2020 उजाडलं. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला म्हणून आम्ही नाचलो आणि नंतर घरातच अडकलो. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, ते थेट आमच्याच अंगणात. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. दुपारभर आम्ही मधल्या खोलीत एकमेकांना धरून बसलो होतो. संध्याकाळी दार उघडलं तर वाडी ओळखू येत नव्हती. सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या, पडवीचे पत्रे शेजाऱ्यांच्या विहिरीत. विजेचे खांब तर मोजायचेच नाहीत.

आणि मी काय करत होते? टाकीसमोर बसून रडत होते. पंप बंद, प्रवाह बंद. पाणी हललं नाही की हवेतला प्राणवायू त्यात मिसळत नाही. मासे तो वापरत राहतात, आणि अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंनाही तोच लागतो. मी प्लास्टिकच्या मगाने पाणी वर घेऊन ओतत होते. रात्री दोनपर्यंत केलं, मग झोप लागली. सकाळी टँग तळाशी आडवा होता आणि पाण्याला वास यायला लागला होता.

त्याच सकाळी बाबा किनाऱ्यावर गेले. पडलेल्या झाडांवरून, तारा चुकवत, दोन बादल्या घेऊन. भरून आणल्या. पाणी चहाच्या रंगाचं. 'हे घाल, ताजं आहे,' म्हणाले.

मी ओरडले. 'बाबा, तुम्हाला काही कळतं का? पावसाने हे पाणी अळणी झालंय. मरतील ते याने!' आणि दोन्ही बादल्या त्यांच्यासमोर मोरीत ओतल्या. बाबा काही बोलले नाहीत. कोयता घेऊन वाडीत गेले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही क्लाऊनफिश गेले. वीज आली अकराव्या दिवशी. टाकी रिकामी करून पडवीत ठेवली आणि पुढची चार वर्षं त्यात आईचे कांदे होते.

बारावीनंतर मी पनवेलला मावशीकडे आले, इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला. मासे हा विषय घरात कोणी काढत नसे. मीही नाही. गेल्या वर्षी लॅबमध्ये रिले जोडत होते. मेन्स चालू असला की रिले ओढलेला, मेन्स गेला की सुटतो आणि त्याचा नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट जुळतो. हजार वेळा वाचलेलं वाक्य. त्या दिवशी 'टक्' असा आवाज झाला आणि मला एकदम ती रात्र आठवली, प्लास्टिकच्या मगाची. म्हटलं, इतकंच हवं होतं? दीडशे रुपयांचा रिले आणि एक बॅटरी?

तिथून परत सुरुवात झाली. आठवीच्या दोन मुलींना गणित शिकवते, त्याचे पैसे. बजेट आठ हजार, वर एक रुपया नाही आणि बाबांकडे मागायचे नाहीत. जुनी तीन फुटी टाकी आणली नाही. मोठ्या टाकीचं पाणी लवकर बिघडत नाही हे खरं, पण मीठ, उजेड, पंप, सगळंच वाढतं. दोन फूट बाय एक बाय एक अशी साधी काच चिकटवून घेतली. हिशेबाने 56 लिटर, पण काठ सोडून आणि दगड घालून जेमतेम 45. बॅटरी यूपीएसमधली जुनी, 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवर, म्हणजे 84 वॉट-अवर. हवेचा छोटा पंप 4 वॉटचा. कागदावर एकवीस तास येतात, पण जुन्या बॅटरीचा भरवसा काय, म्हणून मी दहा धरले. (मावशी म्हणते, 'लग्नाची इतकी तयारी कर!') चिलर परवडणं शक्य नव्हतं. त्याऐवजी कॉम्प्युटरमधला पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर रोखला. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. फक्त रोज पाऊण लिटर उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे मावशीला समजावताना माझी व्हायवा झाली.

खरा प्रश्न दगडांचा. बाहेर लोक 'लाइव्ह रॉक' घालतात, तो बहुतेक मेलेल्या दगडी प्रवाळाचाच सांगाडा. परत त्याच वाटेने जायचं नव्हतं. म्हणून दगड बनवले! पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडे मीठ. मीठ विरघळलं की भोकं राहतात आणि त्यात जिवाणू घर करतात. सिमेंटमुळे पाण्याचा पीएच वर जातो, तो उतरेपर्यंत दगड पाण्यात ठेवून पाणी बदलत राहायचं. सिव्हिलचा एक मित्र म्हणाला, 'अठ्ठावीस दिवस क्युरिंग, आयएस कोड वाच.' मला छप्पन्न लागले. सिव्हिलवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण तुमच्या क्यूबमध्ये मासे राहत नाहीत.

या निमित्ताने वाचन झालं ते वेगळंच. आजीच्या अंगठीतलं पोवळं म्हणजेच कोरल, हे कॉन्व्हेंटच्या कृपेने मला विसाव्या वर्षी कळलं. आणि विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत समुद्रात एक बुडालेलं पठार आहे, त्यावर प्रवाळ आहेत. त्याचं नाव आंग्रिया बँक. आंग्रिया म्हणजे आमचे अलिबागचे आंग्रे! कान्होजींच्या समाधीवरून मी दहा वर्षं शाळेत गेले आणि त्यांच्या नावाचं प्रवाळ बेट समुद्राखाली आहे हे मला कोणी सांगितलं नाही. मुंबईत तर 2020 मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसरीकडे नेऊन लावावे लागले. म्हणजे आपल्याकडे काही नाही असं नाही, पाणी गढूळ असल्यामुळे दिसत नाही इतकंच.

टाकीत आज दगडी प्रवाळ एकही नाही. लेदर कोरल नावाचा मऊ प्रवाळ आहे, तोही दुसऱ्याच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा कापून दिलेला तुकडा. क्लाऊनफिशही टाकीतच जन्मलेले. सीएमएफआरआयसारख्या आपल्या संस्थांनी त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेलेच घ्यायला हवेत असं नाही. क्लाऊनफिश सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. हे जेवणाच्या ताटावर सांगितल्यापासून काकांनी टाकीकडे बघणं सोडलंय.

दगड घालून, अमोनिया शून्यावर यायची वाट बघत दीड महिना रिकामं पाणी सांभाळलं. मासे सोडले या जानेवारीत. पण त्याआधीच बजेट हललं होतं, मिठामुळे. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर महिन्याला अठरा-वीस लिटर खारं पाणी लागतं, आणि चांगलं मीठ स्वस्त नाही. फोनवर आईशी सहज बोलले. बाबा मागे असणार.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात बाबा, खांद्याला पिशवी आणि पायाशी वीस लिटरचा निळा कॅन. अलिबागहून एसटीने. कंडक्टरने विचारलं म्हणे, 'काय आहे?' बाबांनी खरं सांगितलं, 'समुद्राचं पाणी.' कंडक्टरने आधी कॅनकडे, मग बाबांकडे पाहिलं आणि लगेजचं तिकीट काही फाडलं नाही.

'भांगाचं आहे,' बाबा म्हणाले. मावशी दचकली. मग त्यांनीच सांगितलं, अष्टमी-नवमीला भरतीला जोर नसतो, त्याला भांग म्हणतात. उधाणात गाळ उठतो, भांगात पाणी निवळतं. त्यातही पूर्ण भरती असताना, खाडीच्या तोंडापासून लांब भरलेलं. कोळीवाड्यात विचारून आले होते. मी रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवला: 35. फडक्यातून गाळून पंधरा दिवस अंधारात निवळू दिलं आणि वापरलं. तेव्हापासून दर महिन्याला एक कॅन येतो. समुद्राचं पाणी जड, वीस लिटर म्हणजे साडेवीस किलो. बाबा चोपन्न वर्षांचे आहेत.

त्या दोन बादल्यांचा हिशेब मी आता नीट मांडला आहे. मागच्या जुलैत घरी गेले तेव्हा किनाऱ्यावरचं पाणी मोजलं, 26 भरलं. म्हणजे पावसाळ्यात पाणी अळणी होतं हे खरं. पण ते जुलैत, महिनाभर पाऊस पडल्यावर. 4 जूनला पावसाला जेमतेम सुरुवात झाली होती. पाणी फार उतरलं नसणार. गाळ दोन-तीन तासांत खाली बसला असता. आणि मासे गाळाने मरत नव्हते, अमोनियाने आणि प्राणवायूवाचून मरत होते. पाव टाकी पाणी बदललं असतं तर टँग गेलेलाच होता, पण क्लाऊनफिशना एखादा दिवस मिळाला असता. कदाचित जास्त. बाबांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण शिळ्या पाण्याला ताजं पाणी लागतं एवढं कळत होतं.

गेल्या महिन्यात बाबा आले तेव्हा हे सांगायचं ठरवलं होतं. चहा झाला. ते टाकीसमोर स्टूल घेऊन बसले होते.

'बाबा, त्या वेळी तुम्ही आणलेलं पाणी मी ओतायला नको होतं.'

'कुठलं पाणी?'

'वादळानंतरचं. बादल्यांतलं.'

ते टाकीकडेच बघत होते. 'हां,' म्हणाले. मग थोड्या वेळाने, 'इथे वीज गेली तर काय करतेस?'

मी बोर्डावरचा प्लग काढला. दिवा गेला, प्रवाह थांबला. 'टक्' झालं आणि कोपऱ्यातून बुडबुडे वर यायला लागले. दोन्ही मासे क्षणभर थबकले आणि परत आपल्या कामाला लागले.

बाबांनी खाली वाकून बॅटरी बघितली, वायरीला हात लावून बघितला. मग प्लग लावून परत एकदा काढायला सांगितला.