घराला राबता हवा

शासकीय सेवेत असताना निमाडच्या दौऱ्यांत महेश्वरचा किल्ला आम्ही अनेकदा पाहिला होता. निवृत्तीनंतर गेलो, तेव्हा मात्र तो निराळा दिसला. उज्जैनच्या आमच्या वडिलोपार्जित वाड्याचे काय करावे, हा प्रश्न तेव्हा भावंडांत निघाला होता. मुले-पुतणे कोणी पुण्यात, कोणी परदेशात. वाड्यात आम्ही उभयताच.

अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात राज्य केले, ते याच महेश्वरहून. त्यांचा वाडा पाहावा: लाकडी खांब, उतरते कौलारू छप्पर, भपका कोठेच नाही. १८१८ मध्ये राजधानी इंदूरला गेली आणि नर्मदाकाठचा राबता ओसरला. पुढे रिचर्ड होळकरांनी किल्ल्यातील निवासाचा भाग दुरुस्त करून २००० साली पाहुण्यांसाठी उघडला. त्याआधी, १९७८ मध्ये, रेहवा सोसायटीची स्थापना होऊन महेश्वरी लुगड्यांच्या हातमागांना आधार मिळाला होता. म्हणून तेथे वर पाहुणे उतरतात, तर खाली घाटावर स्नाने चालतात आणि गावात मागांचा आवाज ऐकू येतो.

फ्रान्समध्ये दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यातही शेतकरी कुटुंबे शहरांकडे गेली आणि दगडी घरे ओस पडली. पुढे अनेक इंग्रजांनी ती विकत घेऊन, डागडुजी करून सुटीची घरे केली. भिंती वाचल्या, पण सुटी सरली की कित्येक खिडक्या मिटतात. आपल्या शिप्राकाठचा कालियादेह महाल माधवराव शिंद्यांनी १९२० मध्ये दुरुस्त करविला. वावर सुटला, तशी त्याची पडझड पुन्हा सुरू झाली.

जुन्या बांधकामाचा स्वभावही ओळखावा लागतो. चुन्याच्या भिंतीतील ओलावा हळूहळू बाहेर पडतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि पावसाळ्यानंतर पोपडे सुटू लागतात. तिकडच्या जुन्या घरांनाही जाणते गवंडी चुनाच लावतात. परंतु चुना कितीही उत्तम असला, तरी रोज दार उघडणारे, केर काढणारे, गळके कौल वेळीच फिरविणारे कोणी नसेल, तर तो तरी काय करणार?

भावंडांपुढे आम्ही एवढेच मांडले आहे: दर्शनी सोपा आणि दोन खोल्या चुन्यात दुरुस्त कराव्यात. एरवी बाहेरगावचे विद्यार्थी ठेवावेत. २०२८ च्या सिंहस्थात त्या आप्तांसाठी मोकळ्या कराव्यात. विक्रीचा विचार त्यानंतर करू. धाकटे बंधू म्हणतात, भाड्यातून चुन्याचाही खर्च निघणार नाही. त्यांचा हिशेब बरोबर असेल. पण संध्याकाळी ओसरीवर दिवा लावायला कोणी तरी असेल, ही बाब त्यांच्या वहीत कोणत्या रकान्यात मांडायची, हे आम्ही त्यांनाच विचारले आहे. उत्तर यायचे आहे.