तीन मिनिटांनंतरचं काम

चि. मृणाल हिस,


तुमच्या वसाहतीच्या एचओएच्या, म्हणजे घरमालक संघटनेच्या, बोर्डावर निवडून आलीस, अभिनंदन. पहिलीच मीटिंग रात्री साडेदहापर्यंत लांबली, अर्धा वेळ गेस्ट पार्किंगच्या भांडणात गेला आणि आता तुला वाटतंय की घरमालकांना बोलूच देऊ नये. तसं करता येणार नाही. कॅलिफोर्नियातल्या अशा वसाहतींना १९८५ सालचा डेव्हिस-स्टर्लिंग कायदा लागू आहे. त्यानुसार बोर्डाच्या खुल्या मीटिंगला बसण्याचा आणि तिथे बोलण्याचा सभासदाला हक्क आहे. मात्र वेळेची वाजवी मर्यादा घालायची, हेही तोच कायदा सांगतो.

आपल्या लोकांचा गोंधळ होतो तो ठाण्या-पुण्याच्या सवयीमुळे. तिकडे मॅनेजिंग कमिटी आपापली बसते. सभासदाला तोंड उघडायला मिळतं ते ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, त्यामुळे वर्षभराचं साचलेलं सगळं त्या एका संध्याकाळी बाहेर पडतं. इथली बोर्ड मीटिंग म्हणजे जनरल बॉडी नव्हे. काम बोर्डाचंच असतं, फक्त ते सभासदांसमोर करायचं असतं. हे अध्यक्षांनी सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगावं.

मग सभासदांची वेळ आधी ठेवा. कुंपणाच्या कंत्राटावर मत देऊन झाल्यावर लोकांचं ऐकण्याला काय अर्थ? प्रत्येकी तीन मिनिटं पुरतात. घड्याळ सगळ्यांना दिसेल असं असू दे, आणि नियम तुझ्या मैत्रिणीला आणि त्या पार्किंगवाल्या गृहस्थांना सारखाच. कोणी ‘अमक्या घराचे पैसे थकलेत’ म्हणून सुरू झालं, तर तिथेच थांबवा. थकबाकीदाराशी हप्त्यांची बोलणी, दंडाच्या सुनावण्या, कोर्टकज्जे हे विषय बंद बैठकीचे.

तुमचं खरं चुकतं ते पुढे. माणूस बोलला की बोर्डावरचे पाचही जण त्याला उत्तर द्यायला लागतात आणि तीन मिनिटांचा अर्धा तास होतो. मीटिंगची नोटीस कार्यक्रमपत्रिकेसह किमान चार दिवस आधी लावावी लागते. जो विषय तिच्यात नाही, त्यावर तातडीचे प्रसंग सोडले तर बोर्डाला चर्चाही करता येत नाही, मग निर्णय दूरच. थोडक्यात उत्तर देता येतं, खुलासा विचारता येतो, मॅनेजरला माहिती काढून पुढे अहवाल द्यायला सांगता येतं, विषय पुढच्या पत्रिकेत घालता येतो. एवढंच करा. वाद घालू नका.

पण पुढच्या पत्रिकेत घालू म्हणालात, तर घाला. माणसं चिडतात ती घड्याळामुळे नाही. आपण बोललो त्याचं पुढे काय झालं, हे कोणीच सांगत नाही म्हणून चिडतात, आणि पुढच्या महिन्यात तोच विषय चढ्या आवाजात घेऊन येतात. म्हणून एक वही ठेव: कोण काय बोललं, काम कोणाकडे दिलं, कधीपर्यंत. पुढच्या मीटिंगची सुरुवात त्या वहीनं कर. ‘गेस्ट पार्किंग: मॅनेजरनं तीन रात्री पाहणी केली, अहवाल आज विषय क्रमांक चारला’ असं ऐकल्यावर ते गृहस्थ तीन मिनिटांतलं दीडच घेतील. ‘सध्या पैसे नाहीत, यंदा होणार नाही’ हेसुद्धा उत्तरच आहे. ते स्पष्ट द्या. इतिवृत्ताचा निदान मसुदा ३० दिवसांत सभासदांना मिळाला पाहिजे, तोही वेळेवर काढा.

आणि एक. मीटिंगबाहेर बोर्डाच्या मंडळींनी ईमेलवर निर्णय उरकायचे नाहीत. आणीबाणी सोडली तर कायद्याला ते चालत नाही. सगळं आधीच ठरलंय असा वास आला, की कितीही बोलू दिलंत तरी लोकांचा विश्वास बसणार नाही.

तेव्हा लोकांचं बोलणं कमी कसं करायचं, हा विचार सोड. आजच मॅनेजरकडून मागच्या मीटिंगमधल्या तक्रारींची यादी मागव आणि पुढच्या नोटिशीआधी प्रत्येकीसमोर उत्तर लिही.

तुझी,
मावशी