भाष्याविना दहा वचने

26 नोव्हेंबर 1956. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरालगतच्या अ‍ॅबिंग्टन येथील सार्वजनिक विद्यालयात सकाळचा परिपाठ चालू होता. वर्गावर्गांत बसविलेल्या ध्वनिक्षेपकांतून एक विद्यार्थी बायबलमधील वचने वाचीत होता. एका वर्गात सोळा वर्षांचा एलरी शेंप मात्र आपल्या बाकावर दुसराच ग्रंथ उघडून मनातल्या मनात वाचत बसला होता. तो ग्रंथ होता कुराण. वाचन संपून प्रभूच्या प्रार्थनेसाठी सर्व वर्ग उभा राहिला, तेव्हा एलरी बसूनच राहिला. थोड्याच वेळात त्याची रवानगी वरिष्ठांच्या कार्यालयात झाली.

हा मुलगा मुसलमान नव्हता आणि धर्मद्वेष्टाही नव्हता. त्याचे कुटुंब युनिटेरियन पंथाचे होते. येशूच्या नीतिबोधाविषयी आदर बाळगणारा, परंतु पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे त्रैत्व न मानणारा असा हा पंथ. शेजाऱ्यावर प्रेम करावे, या शिकवणुकीशी एलरीचे भांडण असण्याचे कारणच नव्हते. बायबल हाच जगातील एकमेव पवित्र ग्रंथ नव्हे, एवढेच त्याला दाखवून द्यायचे होते. ते शब्दांनी सांगण्याची सोय परिपाठात नसल्याने त्याने पुस्तकच समोर धरले.

पेनसिल्व्हेनिया राज्याचा त्या काळचा कायदा मोठा विलक्षण होता. प्रत्येक सार्वजनिक शाळेत दररोज बायबलमधील किमान दहा वचने वाचली जावीत, आणि तीही कोणतेही भाष्य न करता! अ‍ॅबिंग्टनमध्ये कोणता उतारा वाचायचा, बायबलची कोणती आवृत्ती घ्यायची, हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यावर सोपविलेले असे. त्यामुळे कधी प्रोटेस्टंटांची आवृत्ती वाचली जाई, कधी कॅथॉलिकांची, तर कधी ज्यूंचा धर्मग्रंथही. शासन कोणा एका पंथाचा पक्ष घेत नाही, असे या व्यवस्थेमागचे समाधान असावे. पण ज्याने एकदा तरी स्वाध्यायाला बैठक मारली आहे त्याला ठाऊक असते की, सूत्र केवळ कानावर पडून भागत नाही; त्याचा अर्थ उलगडणारा लागतो, शंका विचारणारा लागतो. शंकेला जागाच न ठेवणारे वाचन विद्यार्थ्याच्या पदरात नीती कितपत टाकणार? आज्ञेनुसार गप्प बसण्याची सवय मात्र त्यातून निश्चित लागते.

त्याच दिवशी एलरीने नागरी स्वातंत्र्याचे रक्षण करणाऱ्या संघटनेला पत्र लिहिले आणि सोबत दहा डॉलर पाठविले. हा कायदा घटनेच्या कसोटीला लावून पाहता येईल का, अशी त्याची पृच्छा होती. पुढे शेंप कुटुंबाने दावा दाखल केला. साक्षीच्या वेळी एलरी आणि त्याची धाकटी भावंडे रॉजर व डोना यांनी सांगितले की, बायबलचा शब्दशः अर्थ घेतल्यास त्यातील काही सिद्धांत त्यांच्या श्रद्धेशी आणि घरातील शिकवणुकीशी जुळत नाहीत.

1959 मध्ये संघीय न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. तेव्हा विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली : पालकांनी लेखी चिठ्ठी दिल्यास मुलाला सूट मिळेल. वरवर पाहता प्रश्न मिटला होता. ज्याला ऐकायचे नाही त्याने वर्गाबाहेर जावे, त्यात कोणाचे काय बिघडले?

या प्रश्नाला वडील एडवर्ड शेंप यांनी साक्षीत दिलेले उत्तर या सगळ्या प्रकरणात सर्वांत मनाला भिडणारे आहे. चिठ्ठी देण्याचा विचार आपण केला होता, पण तो सोडून दिला, असे ते म्हणाले. मुलांवर विक्षिप्तपणाचा शिक्का बसला असता. दररोज सकाळी ती वर्गाबाहेर उभी राहिली असती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटले असते की, काही आगळीक केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली आहे. परिपाठानंतर होणाऱ्या शाळेच्या सूचना त्यांच्या कानी पडल्या नसत्या. शिवाय वेगळ्या श्रद्धेचा माणूस म्हणजे नास्तिक आणि नास्तिक म्हणजे साम्यवादी, अशी सांगड घालण्याचा तो काळ होता. कागदावरची सूट मुलाला अशी चारचौघांत एकटे पाडते, हे पित्याने ओळखले होते.

17 जून 1963 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने शाळांतील हे सक्तीचे धर्माचरण घटनाबाह्य ठरविले. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी एक गोष्ट आवर्जून नमूद केली : बायबलचा साहित्य किंवा इतिहास म्हणून अभ्यास करण्यास, विविध धर्मांचे तौलनिक अध्ययन करण्यास काहीच आडकाठी नाही. म्हणजे न्यायालयाने ग्रंथाला शाळेचे दार बंद केले नाही. उलट भाष्यासह आत येण्यास ते मोकळे ठेवले. देवाला शाळेतून हाकलले, अशी ओरड करणाऱ्यांनी हा भाग बहुधा वाचलाच नव्हता. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांची शंका मात्र तशी उथळ नव्हती. धार्मिक आचाराला शाळेत अजिबात थारा न देणे म्हणजे निधर्मीपणालाच राजाश्रय देणे होईल, असे त्यांना वाटत होते.

भारताच्या संविधानाने हा पेच 1950 मध्येच हाताळला होता. अनुच्छेद 28 नुसार, पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थेतही अज्ञान विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीविना धर्मशिक्षणास किंवा उपासनेस उपस्थित राहावयास लावता येत नाही. मिशनरी शाळेत मुले घालणाऱ्या किती पालकांनी हे कलम वाचले असेल, कोण जाणे! येथे आधी संमती लागते. पेनसिल्व्हेनियात आधी सक्ती होती आणि मागाहून सुटकेची चिठ्ठी.

निकाल लागला तेव्हा एलरी तेवीस वर्षांचा होत आला होता. शाळा केव्हाच सुटल्यामुळे दाव्यातून त्याचे नाव आधीच गळले होते. अखेरपर्यंत वादी राहिले ते त्याचे आईवडील, रॉजर आणि डोना. धमकीची आणि शिव्याशापांची पत्रे घरी येत, तीही त्यांनीच सोसली. एलरी पुढे पदार्थविज्ञानाचा संशोधक झाला. आणि ज्या विद्यालयाने त्याला त्या सकाळी कार्यालयात धाडले होते, त्यानेच कालांतराने आपल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांत त्याचे नाव घेतले.