हललं तरच दिसतं

सासूबाईंना रात्री एकदा तरी उठावं लागतं. आमच्या पॅसेजचं बटण उंबऱ्याच्या पलीकडे, म्हणजे ठेच आधी आणि उजेड नंतर. माणूस आला की आपोआप लागणारा दिवा मिळतो, असं कळल्यावर मी इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. माझी समजूत सरळ होती : डबीत एक डोळा असतो, त्याला माणूस दिसतो आणि दिवा लागतो.

"पीआयआर देऊ की मायक्रोवेव्ह?" दुकानदाराने विचारलं. माझ्या डोक्यात मायक्रोवेव्ह म्हणजे ढोकळा. त्याने दोन्ही डब्या समोर मांडल्या. एकीच्या तोंडावर पोळ्यासारख्या खाचा पाडलेला दुधी घुमट होता. ती पीआयआर. बरी दिसली म्हणून तीच घेतली. निवडीमागे शास्त्र एवढंच.

घरी उघडली तर आतून तीन वायरी निघाल्या : तपकिरी, निळी आणि लाल. घरातल्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग, इतपत मला ऐकून ठाऊक होतं. वायरमनने मान हलवली. "ताई, आपल्या घरची लाल येगळी अन् ह्याची लाल येगळी." ह्या डबीत फेज तपकिरीला, न्यूट्रल निळीला, आणि लाल ही दिव्याकडे जाणारी. मेन बंद करून, टेस्टर लावून पाहिल्याशिवाय त्याने एकाही वायरीला हात लावला नाही. मी टॉर्च धरून उभी होते आणि मनात ठरवत होते की हे काम आपलं नव्हे.

मेन सुरू केला आणि दिवा लागला. समोर कोणी नव्हतं, तरी लागला आणि लागलेलाच राहिला. मला वाटलं, माल खराब. "थोडं थांबा, त्याले खोली समजू द्या," तो म्हणाला. खोलीची उष्णता अंगवळणी पडायला ह्या डबीला अर्धा-एक मिनिट लागतं. लाइट जाऊन आली की अजूनही हेच नाटक होतं.

डबीत डोळा नाही, हे मला हळूहळू कळलं. आत उष्णता ओळखणाऱ्या स्फटिकाचे दोन तुकडे शेजारीशेजारी, एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. आपलं अंग सतत इन्फ्रारेड किरण सोडत असतं. दोन्ही तुकड्यांवर सारखीच ऊब पडली तर हिशेब शून्य. माणूस चालत गेला की त्याची ऊब आधी एकावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि त्या फरकाला डबी 'हालचाल' म्हणते. घुमटावरच्या खाचा म्हणजे बारीक भिंगं. ती खोलीचे पट्टे पाडतात. तेव्हा तिला सासूबाई दिसत नाहीत, सासूबाईंची ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलेली दिसते.

हे समजलं ते देवघरामुळे. उत्साहाच्या भरात तिथेही एक डबी बसवली होती. सासूबाई जपाला बसल्या की काही वेळाने अंधार. त्या हात उंचावायच्या, उजेड यायचा, पुन्हा जप, पुन्हा अंधार. माळेचे मणी सरकवणारी दोन बोटं त्या डबीच्या खिजगणतीतही नव्हती. "मी हलले नाही तर मी घरात नाही का गं?" त्यांनी विचारलं. ह्यावर काय बोलणार! मग देवघरात मायक्रोवेव्हवाली आणली. ती रडारसारखी लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींतला फरक बघते, त्यामुळे बारीक हालचालही पकडते. पण लाकडी दाराआडचंही तिला कळतं. जिन्यावरून कोणी वर गेलं की आमच्या देवघरात उजेड. शेवटी तिथे साधं बटण परत आलं.

पॅसेजमधली डबी आधी समोरच्या भिंतीवर, सरळ चालत येणाऱ्याच्या तोंडासमोर होती. नेम धरल्यासारखी जागा, पण दिवा उशिरा लागायचा. सरळ तिच्याकडे चालत आलं की माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो. आडवं गेलं की पटापट पट्टे ओलांडतो. डबी बाजूच्या भिंतीवर, डोक्याच्या थोडी वर गेली आणि उंबऱ्याच्या आधी उजेड पडायला लागला.

मग अकोल्याचा मे महिना आला. दुपारी पारा 44-45 वर, आणि तापलेल्या भिंती रात्रीही भट्टीच. माणसाच्या कातडीचं तापमान साधारण 33-34 अंश. भिंतही तेवढीच तापली की डबीला माणूस आणि भिंत यांत फरक करता येईना. सासूबाई अगदी जवळ पोचेपर्यंत ती ढिम्म. उलट कूलरच्या गार झोताने पडदा हलला की दिवा हजर. सेन्स, टाइम, लक्स अशी तीन बारीक बटणं फिरवून पाहिली. टाइमने दिवा किती वेळ राहायचा ते ठरतं, लक्सने किती अंधारात लागायचा ते. सेन्स वाढवावं तर पडदा जास्तच दिसतो. शेवटी पडदा काढला.

प्लग पॉइंटही सेन्सरवर घ्यायचे होते. वायरमनने डबीवरचं वाचायला लावलं : साध्या बल्बला 1200 वॉट, एलईडीला 300. उलट असायला हवं ना? पण एलईडीच्या आतलं सर्किट सुरू होताना क्षणभर जबर करंट ओढतं. त्याने डबीतल्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटले तर दिवा विझतच नाही. 2000 वॉटचा गीझर तर बादच. इस्त्री आकड्यात बसते, पण मांजर गेल्यावर आपोआप तापणारी इस्त्री कोणाला हवी? डासांचं मशीन लावू म्हटलं तर तो हसला. आपण झोपलो की ते बंद पडणार, डास मात्र जागे. शेवटी सॉकेटवर पलंगाखालचा छोटा दिवा तेवढा राहिला.

बिलाचं म्हणाल तर 9 वॉटचा दिवा रात्री दहा तास विसरला तरी एक युनिट व्हायला अकरा रात्री लागतात. डबी स्वतः अर्धा वॉट रात्रंदिवस खाते, ते वेगळंच. पैसे वाचवायला कोणी हे घेऊ नये.

आणि खरी पंचाईत सासूबाईंच्या सवयीची. खोलीतून निघताना बटण बंद करायचं, हे त्यांच्या हाताला आयुष्यभर माहीत. ते बटण बंद झालं की सेन्सरही मेला. चिकटपट्टी लावली, ती त्यांनी सोलून काढली. वायरमनने मग डबीला थेट फेज दिला आणि जुनं बटण तिला समांतर जोडलं. बटण चालू असेल तर दिवा सतत, बंद असेल तर सेन्सरच्या मर्जीने. आता त्यांनी खुशाल बंद करावं. फक्त बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये करंट येऊ शकतो, म्हणून त्याने बोर्डावर मार्करने लिहून ठेवलंय : 'बल्ब बदलताना एमसीबी पाडा.' खाली बाणही काढलाय, कोणता एमसीबी ते दाखवायला.