साडेपाच इंचांची पेटी

गेल्या दिवाळीच्या आधी धाकटा पुठ्ठ्याचं एक खोकं काखेत मारून घरात आला आणि गुपचूप माळ्यावर ठेवू लागला, तेव्हाच मी ओळखलं की ही वस्तू आपल्या आवडीची नाही. खाली घ्यायला लावलं. आत दहा इंचांचा काळा, जडशीळ स्पीकर. "वूफर आहे. आपल्या गाडीच्या डिकीत बसवायचाय," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. लग्नसराईत आमच्या गल्लीतून डीजेची वरात निघाली की तावदानं थरथरतात, म्हैस पान्हा चोरते आणि दुसऱ्या दिवशी डेअरीत लिटरभर दूध कमी भरतं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद असावेत, हा नियम सन २००० पासून आहे. तो आमच्या गल्लीपर्यंत अजून चालत आलेला नाही. तेच भूत आता पोरगं घरच्या गाडीत आणणार म्हटल्यावर मी बोलायचं ते सगळं बोललो. पैसे त्याचे स्वतःच्या पगारातले होते. तो तालुक्याच्या गॅरेजात कामाला जातो. तरी बोललो. चार दिवस आमच्यात जेवायला बोलावण्यापुरतंच बोलणं राहिलं.

खरी अडचण डिकीची होती. आमच्या आबांना २०२२ साली अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण डावी बाजू गेली. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी बार्शीला न्यावं लागतं. त्यांची चाकाची खुर्ची पायटे काढून, घडी घालून डिकीत ठेवली की मागच्या सीटच्या पाठीशी जेमतेम साडेसहा इंच जागा उरते. बाजारात तयार मिळणाऱ्या वूफरच्या पेट्या चौदा-पंधरा इंच खोल. म्हणजे पेटी तरी न्या, नाही तर आबांची खुर्ची तरी.

आता मी का वळलो ते सांगतो. आबा पन्नास वर्षं गावच्या भजनात मृदंग वाजवत. २०१९ च्या सप्ताहात धाकट्यानं त्यांचं वाजवणं मोबाईलवर भरून ठेवलं होतं. एका संध्याकाळी त्यानं ते आबांना लावून दाखवलं. आबांनी मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "टाळ ऐकू येत्यात, गाणाऱ्याचा गळा ऐकू येतोय. माझी धूम कुठं गेली?"

धूम म्हणजे मृदंगाची डावी बाजू. तिच्यावर ओली कणीक थापतात, त्यामुळे पान जड होतं आणि सूर खाली उतरतो. आबांचा तो हात आता मांडीवर पडून असतो.

"धूम रेकॉर्डिंगमध्ये आहे आबा," धाकटा म्हणाला, "पण मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. त्याला तेवढी हवा ढकलता येत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वूफर त्यासाठीच आणलाय." मी उठून गोठ्यात गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन मीच डिकी मोजली.

पेटी कशाला लागते, हे मला त्यानंच समजावलं. स्पीकरचा पडदा पुढं आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ओढली जाते. वूफर उघडा ठेवला तर पुढचा दाब कडेनं वळून मागच्या ओढीत जिरतो. आपण वाफ्यात पाणी सोडावं आणि शेजारचा बांध फुटलेला असावा, तसं. म्हणून मागची बाजू पेटीत कोंडायची. काही पेट्यांना नळी ठेवतात. त्या जास्त घुमतात, पण त्यांना जागाही जास्त लागते. पूर्ण बंद पेटी लहान चालते आणि तिच्यात ठोका सुटा ऐकू येतो. आतली कोंडलेली हवा सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबल्यावर दांडा मागं ढकलते, तशी पडद्याला जागेवर आणते. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग ह्यात नवं काय? मृदंगाचं खोडबी दोन्हीकडनं बंदच असतंय."

वूफर कमी खोलीचा होता, त्याला तोंडाच्या पाटीपासून मागं सव्वातीन इंच पुरत होते. सोबतच्या कागदावर बंद पेटीची आतली हवा ०.६ घनफूट दिली होती. धाकट्यानं पाटीवर हिशेब मांडला. आतून २४ इंच लांब, १२ इंच उंच, ४ इंच खोल, म्हणजे ११५२ घनइंच. घनफुटाचे १७२८ घनइंच, तेव्हा बरोबर दोन तृतीयांश घनफूट. त्यातून वूफरचं धूड आणि आतल्या पट्ट्या वजा जाता हवं तेवढं उरतं. लिटरमध्ये एकोणीसच्या आत, आमच्या चाळीस लिटरच्या दुधाच्या कॅनच्या निम्म्याहून थोडं कमी. एवढ्याशा हवेत धूम मावेल, यावर माझा विश्वास नव्हता.

लाकूड म्हणून १९ मिलीमीटरचं प्लायवूड घेतलं. भुशाची पाटी स्वस्त पडते आणि गुळगुळीत असते, पण पावसाळ्यात डिकीत ओल आली की तिच्या कडा फुगतात. प्लायची जाडी धरून बाहेरून पेटी साडेपाच इंच. खुर्ची ठेवून इंचभर जागा उरत होती. गावच्या सुतारमामांनी तुकडे काटकोनात कापून दिले. बाकी जोडणी आम्ही बापलेकांनी पडवीत केली. कडांना फेव्हिकॉल, दर चार बोटांवर स्क्रू. पुढची आणि मागची पाटी रुंद आहे, ती स्वतःच थरथरू नये म्हणून मध्ये लाकडाचे ठोकळे देऊन दोन्ही एकमेकींना बांधल्या. आतल्या सगळ्या सांध्यांत सिलिकॉन भरलं. सिलिकॉनला शिरक्यासारखा उग्र वास येतो. तो उडेपर्यंत, म्हणजे पुरता एक दिवस, वूफर बसवायचा नाही, त्या वाफेनं त्याचे नाजूक भाग खराब होऊ शकतात. आत जुन्या उशीतला फायबरचा पिंजलेला पुंजका सैल पसरला. त्यानं पेटी आहे त्याहून थोडी मोठी असल्यासारखी वागते म्हणे. घरच्यांनी ती उशी कुठं गेली म्हणून अजून विचारलेलं नाही.

वायरिंगवर मात्र मी अडून बसलो. विहिरीवरची मोटर एकदा जळालेली माणसं आम्ही. अॅम्प्लिफायर २५० वॉटचा, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे भरात वीस अँपिअरच्या वर ओढणार. आमची ३ हॉर्सपॉवरची मोटर तीन फेजवर पाचएक अँपिअर घेते. व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त, हे कळत असूनही आकडा ऐकून मी दचकलो. जाड वायर घेतली आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच बसवला. फ्यूज पलीकडच्या टोकाला लावला आणि वायर मध्येच कुठं पत्र्याला घासली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथं रबराची चकती घातली. पेटी नुसती ठेवून चालत नाही, करकचून ब्रेक मारला तर दहा-बारा किलोचा ठोकळा सुटतो. अँगल लावून आवळली. पण भोक पाडण्याआधी मी गाडीखाली आडवा होऊन पाहिलं. मागच्या सीटखाली बहुधा पेट्रोलची टाकी असते, आणि पोरांना वरून भोक पाडायची घाई असते.

पेटी आवळण्याआधी अंगणातच वाजवून पाहिली. आवाज आला, पण मोठ्या ठोक्याला फस्स, फस्स. धाकट्याचा चेहरा उतरला. वूफरच खराब निघाला, आता तो बदलून मिळतो का नाही, म्हणून खोकं शोधायला लागला. आबा खुर्चीत होते. म्हणाले, "मला तिकडं घ्या." उजवा तळवा पेटीच्या अंगावर ठेवून त्यांनी डोळे मिटले. "स्पीकर न्हाई रं. खोड फुटलंय कुठंतरी. तडा गेलेल्या मृदंगाचा असाच दम जातो."

घरातून उदबत्ती आणली. खालचा सूर चालू ठेवून सांध्या-सांध्यावरून फिरवली. सगळीकडे धूर सरळ. वायर आत जाते त्या प्लास्टिकच्या पट्टीपाशी मात्र तो ठोक्याला हेलकावे खाऊ लागला. स्क्रू घट्ट होते, पण पट्टीखाली प्लायचा पापुद्रा निघालेला, सुईएवढी फट. ती मी लावलेली पट्टी होती. सिलिकॉन भरलं आणि पुन्हा एक दिवस थांबलो.

शनिवारी आबांना घेऊन निघालो. खुर्ची डिकीत बसली. धाकट्यानं वूफरला शंभर हर्ट्झच्या आसपासचं आणि त्याखालचंच द्यायचं, अशी खुंटी लावून दिली होती आणि आवाज बोलण्याइतकाच ठेवला. फाट्याच्या पुढं सप्ताहातलं ते भजन सुरू झालं. धूम आली. कानाला नाही, आधी पाठीला कळली.

आबा काही बोलेनात. आरशात पाहिलं तर खिडकीबाहेर बघत होते. उजवी बोटं मांडीवर चालू होती, डावा हात तसाच. भजन द्रुतात गेलं, संपलं.

"कसं वाटलं?" धाकट्यानं विचारलं.

"धूम आली जागेवर," आबा म्हणाले. "पण वाजवणारा घाई करतोय. मला तवा कुणी सांगितलं न्हाई." थोड्या वेळानं म्हणाले, "परत लाव."